अंग गरम, ताप नाही

दर सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला टांझानियातल्या एका डोंगरावरची आणि एका शहरी वस्तीतली आठवड्याभराची दुखणी फ्रँकफर्टमधल्या माझ्या टेबलावर येऊन पोचतात. कुणाला खोकला झाला, कुणाला जुलाब लागले, कुठल्या घरात ताप आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात संख्याशास्त्र शिकले, लग्न करून इकडे आले, आणि बऱ्याच धडपडीनंतर साथीच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत डेटा सांभाळायला लागले. म्हणजे इतकंच की मी दिवसभर 'हो' आणि 'नाही' वाचते.

तिकडे काही बायका, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या, घरोघर फिरतात. दर पंधरा दिवसांनी त्याच घरात जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं मोबाइलवर भरायची. डोंगर उतरून रेंज मिळाली की ती उत्तरं इकडे येतात. घरांना नावं नसतात, नंबर असतात. माझ्या नकाशावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. घरात कुणाला ताप असला तर केशरी, नसला तर करडा.

नवरा र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात, म्हणून आम्ही तिथेच राहतो. रोज सकाळी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, मी फ्रँकफर्टला जाते. हिवाळ्यात माइन नदीवर धुकं इतकं दाट असतं की पुलावरून जाताना खाली पाणी आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. काच थंड, डबा ऊबदार, निम्मे लोक पेंगत असलेले. अशा वेळी ते ठिपके माझ्या डोळ्यांपुढे यायचे. तो डोंगर मी कधी पाहिलेला नाही. तरी एका ठिपक्याला मी केळीची बाग देऊन टाकली होती. दुसऱ्याच्या दारात एक शेळी बांधली होती. एका घरात एक म्हातारी आणि तीन लहान मुलं आहेत हे फॉर्मवरून माहीत होतं. त्यातल्या धाकट्याचा खोकला सहा आठवडे चालला आणि मग एका सोमवारी थांबला. त्या दिवशी मी ऑफिसात उगीचच सगळ्यांसाठी ब्रेत्सेल, इकडचे खारे पाव, घेऊन गेले. का, ते कुणाला सांगितलं नाही.

त्या बायकांच्या कामावर देखरेख करणारी एक नर्स आहे, माझ्याच वयाची. दर मंगळवारी आमचा कॉल होतो, इंग्रजीत. पहिल्याच कॉलला तिने मला 'दादा' म्हटलं आणि मी हसत सुटले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मी तिला आमच्याकडचा अर्थ सांगितला, तर तीही हसली. म्हणाली, "मग आता दोन्ही हो." तेव्हापासून मी तिची दादा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मला त्या नकाशात काहीतरी खटकलं.

डोंगरावर तिघीजणी काम करत होत्या. दोघींच्या भागात करड्यात केशरी मिसळलेलं असायचं, पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. खाली शहराच्या वस्तीतही तसंच. पण डोंगराच्या पूर्वेकडच्या वाड्या जवळजवळ पूर्ण करड्या होत्या. खोकला होता, जुलाब होते. ताप मात्र नव्हताच. हा भाग एकटी तिसरी बाई सांभाळायची. मी तिचे फॉर्म उघडून वेळा पाहिल्या. बाकीच्या दोघींना एका घराला जेवढा वेळ लागे, त्याच्या निम्म्यात हिचं घर आटपत होतं.

आमच्या फॉर्ममध्ये एक गोम आहे. 'ताप आला होता का?' या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पुढे अकरा प्रश्न उघडतात. किती दिवस, औषध काय, दवाखान्यात नेलं का. 'नाही' म्हटलं की फॉर्म तिथेच संपतो. त्यामुळे काम उरकणारे लोक थोड्याच दिवसांत 'नाही' लिहायला शिकतात. हे आम्हाला अभ्यासक्रमातच शिकवलेलं असतं. माझं चटकन ठरून गेलं. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. इतक्या लांबून मी चोरी पकडली होती.

मंगळवारी मी नर्सला ते सांगितलं.

"दादा, ती खोटं लिहिणारी बाई नाही."

"मी तसं म्हणत नाही गं. आकडे म्हणतायत."

"मी तिच्याबरोबर तो डोंगर चढले आहे," ती म्हणाली. "तू नाही चढलीस."

मला ते लागलं. फोन ठेवला आणि प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या आमच्या प्रोफेसरांना मेल लिहिली. मुद्देसूद, तक्ते जोडून. ते स्वभावाने सज्जन, पण आकड्यांच्या बाबतीत कडक. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. ताबडतोब थांबवा."

पुढच्या आठवड्यात त्या बाईचं काम काढून घेतलं. तिच्याविषयी मला तोवर जे ठाऊक होतं ते नर्सनेच मधूनमधून सांगितलेलं: पन्नाशी उलटलेली, पायांत रबरी बूट, आणि वर्षानुवर्षं त्याच वाड्यांवरून फिरत आलेली. तिच्या जागी दुसरी कुणी लगेच मिळाली नाही. सोमवार आला आणि पूर्वेकडचा उतार नकाशावर पांढरा झाला. ना केशरी, ना करडा.

तो सबंध हिवाळा मला एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखा आठवतो. गाडीत बसलं की धुकं यायचं, आणि धुक्यात तो पांढरा उतार. मी त्यावरून चालत असायची. दारं किलकिली. प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं, माझ्याकडे बघत, काहीतरी विचारलं जाण्याची वाट पाहत. माझ्या हातात फोन असायचा, पण प्रश्न आठवायचा नाही. मग कुणीतरी जर्मनमध्ये 'तिकीट दाखवा' म्हणायचं आणि मी दचकून पिशवीत हात घालायची.

फेब्रुवारीत सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. एके दिवशी मी घरूनच काम करत होते, तेव्हा सकाळी अकराला लेकीच्या शाळेतून फोन आला. ती दुसरीत होती. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, चेहरा उतरलाय, डोकं टेबलावर ठेवून बसलीय, घेऊन जा. मी तिला घरी आणली. सासूबाईंनी तिच्या गळ्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली.

"ताप नाही गं. कणकण आहे जराशी. अंग गरम लागतंय, एवढंच."

"मियर इस्ट काल्ट," पांघरुणातून आवाज आला. लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

"काय म्हणतेय?"

"थंडी वाजतेय म्हणते, आई."

"मग तेच ते. सुंठीचं पाणी करते. संध्याकाळपर्यंत उड्या मारेल बघ."

इतक्यात शाळेच्या ऑफिसातून पुन्हा फोन. आजारी मुलाची नोंद करायची असते. पलीकडच्या बाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, "फीबर?"

"नाइन," मी म्हटलं. "काइन फीबर." ताप नाही.

फोन ठेवला आणि सहज ड्रॉवरमधून थर्मामीटर काढून लेकीच्या काखेत लावला. तो वाजला तेव्हा मी भांडी आवरत होते. येऊन पाहिलं. अडतीस पॉइंट सहा, म्हणजे आपल्याकडचे एकशे एकच्या वर.

मी तो आकडा बघत उभी राहिले. शाळेच्या हिशेबाने हा सरळसरळ ताप होता, आणि मी नुकतंच नाही म्हणून सांगितलं होतं. पण मी खोटं बोलले नव्हते. सासूबाईही बोलल्या नव्हत्या.

"आई, मग ताप कधी म्हणायचं?" मी विचारलं.

त्या सुंठ ठेचत होत्या. "अगं, डोळे लाल व्हायला हवेत, तोंडाची चव जायला हवी, माणूस अंथरुणाला खिळायला हवा. डॉक्टरला घरी बोलवायची वेळ आली, की ताप. याला कुणी ताप म्हणतं का? ही कसर."

कणकण, कसर, अंग गरम, अंग मोडून येणं. लहानपणापासून मी हे शब्द ऐकत आले. त्यांच्यापुढे कुठेतरी, एका उंबऱ्यापलीकडे, ताप. घरात कुणी ते फोडून सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी लेकीच्या पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर बर्फासारखा पाऊस पडत होता. मला आमच्या फॉर्ममधला स्वाहिली शब्द आठवला. होमा. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला होमकुंड आठवलं होतं, म्हणून तो डोक्यात राहिला होता. आम्ही तिथे 'होमा आला होता का?' असं विचारत होतो.

आणि आमच्या सूचनापत्रकातली एक ओळ आठवली, ठळक अक्षरातली: प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचावा, शब्द बदलू नयेत. ती ओळ मी लिहिली होती.

मंगळवारची वाट न बघता मी दुपारीच नर्सला फोन लावला.

"मला एक सांग. पूर्वेकडच्या वाड्यांमध्ये होमा म्हणजे नेमकं काय?"

"होमा म्हणजे ताप," ती म्हणाली. "म्हणजे, आमच्या शहरात. मी सरोवराकाठच्या शहरात वाढले, आमच्या घरी स्वाहिलीच. तिकडे म्हातारीकोतारी आपल्या बोलीत बोलतात. थांब. मला जाऊन यायला हवं."

ती शुक्रवारी डोंगरावर गेली आणि शनिवारी सकाळी तिने मला फोन केला. मी स्वयंपाकघरात उभी होते, लेक आता बरी होऊन सासूबाईंबरोबर पत्ते खेळत होती.

"दादा, तिथे होमा म्हणजे पाठुंगळी घेऊन खाली दवाखान्यात न्यावं लागतं तो आजार. तेवढा वाईट. त्याहून कमी असलं तर त्यांच्या बोलीत वेगळं म्हणतात. अंग गरम."

मी खुर्ची ओढली.

"मग बाकीच्या दोघींचे आकडे बरोबर कसे आले?"

"त्या तुझा प्रश्न वाचतच नाहीत," ती म्हणाली. "त्या आपल्या बोलीत विचारतात, पोराचं अंग गरम झालं होतं का? कुणी हो म्हटलं, की ताप लिहितात."

"आणि ती?"

"ती तू लिहिलेलं वाचते. शब्दन् शब्द. प्रशिक्षणाच्या वेळी तिने विचारलंही होतं म्हणे, आमच्या भाषेत विचारलं तर चालेल का? तिला सांगितलं, नाही. पत्रकात तसं लिहिलंय."

तिघींमध्ये नियम पाळणारी तीच एकटी होती.

सोमवारी मी प्रोफेसरांकडे गेले. या वेळी तक्ते नव्हते. उभ्यानेच सगळं सांगितलं, सूचनापत्रकातली ओळ कुणाची तेही. गाव आणि शहर यांची तुलना करणारा त्यांचा मोठा लेख जवळजवळ तयार होता, आणि त्यात पूर्वेकडचे आकडे होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आल्झो," ते म्हणाले, 'तर मग' अशा अर्थाने. "लेख थांबेल. ते माझं मी बघतो. तुम्ही त्यांच्याशी बोला."

मी बोलले. नर्स त्या बाईंच्या घरी गेली होती, फोन स्पीकरवर ठेवून ती इकडचं तिकडे सांगत होती. मी म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही सांगितलं तसंच केलंत. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही." नर्सने ते त्यांच्या बोलीत सांगितलं. कुठेतरी कोंबडा आरवला. मग बाई बोलल्या, सावकाश, आवाज न चढवता.

नर्स म्हणाली, "त्या म्हणतात, बोललेलं वाऱ्यावर जातं. माझ्या हातातला फोन चारचौघांसमोर काढून घेतला. लोकांना वाटलं, मी काही चोरलं. मला कागद हवा. शिक्का मारलेला. तो चारचौघांसमोर वाचला जायला हवा."

"देते," मी म्हटलं. "अजून काही?"

थोडी कुजबुज झाली.

"विचारतायत, तुला मूलबाळ आहे का?"

"एक मुलगी."

"बरी आहे का ती?"

मला क्षणभर वाटलं, लेकीच्या तापाची मी सांगितलेली गोष्ट नर्सने त्यांच्या कानावर घातली असावी. पण तसं नव्हतं. तो त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. कुठल्याही घरात शिरल्यावर त्या आधी हेच विचारत.

ते पत्र मी चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी त्यात 'गैरसमज' हा शब्द यायचा आणि मी तो खोडायची. शेवटी साध्या वाक्यांत लिहिलं की यांनी कधीही खोटी माहिती दिली नाही, प्रश्न चुकीचा होता, आणि तो आम्ही चुकीचा लिहिला होता. खाली माझी सही, त्याखाली प्रोफेसरांनी न सांगता केलेली त्यांची. ऑफिसच्या सेक्रेटरी बाईंना मी शिक्का मागितला. जर्मनीत शिक्क्याशिवाय पान हलत नाही, पण परदेशी पाठवायच्या माफीपत्रावर मारायचा शिक्का त्यांनाही नवा होता. त्यांनी पत्र वाचलं, मग तीन शिक्के शाई लावून रद्दी कागदावर मारून पाहिले आणि त्यातला सर्वांत मोठा, गोल, निळा शिक्का दोन्ही सह्यांच्या मधोमध मारला.

नर्सने त्याचं भाषांतर केलं. रविवारी चर्च सुटल्यावर, लोक घराकडे वळायच्या आत, तिने ते झाडाखाली उभं राहून वाचलं. तिने मला नंतर सांगितलं, बाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून उभ्या होत्या. वाचून संपल्यावर कुणीतरी टाळी वाजवायला लागलं. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

मार्चमध्ये प्रश्न बदलला. बदलला तोही माझ्या टेबलावर नाही. त्या तिघी आणि नर्स अशा चौघींनी दवाखान्याच्या ओसरीवर बसून, प्रत्येक वाडीत काय म्हणतात ते आठवून आठवून तो लिहिला. सोबत प्रत्येकीला थर्मामीटर दिला. बाई कामावर परतल्या.

तिसऱ्या सोमवारपर्यंत पूर्वेकडचा उतार केशरी झाला होता. ऑफिसातला एक सहकारी माझ्या खांद्यावरून बघून घाबरला. "साथ आली का तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ता कुठे आपण नीट विचारलंय."

अंग गरम असलेल्या मुलांच्या बोटातून आता थेंबभर रक्त घरीच तपासतात, आणि मलेरिया निघाला तर त्याच दिवशी गोळ्या देतात. काही मुलांचा निघाला. मी नर्सला विचारलं, ज्या आठवड्यांत नकाशा पांढरा होता, तेव्हा काय झालं असेल? तिने दवाखान्याचं रजिस्टर पाहिलं होतं.

"दोन मुलांना फार उशिरा खाली आणलं. दोघंही वाचली." मग म्हणाली, "जी खाली आलीच नाहीत, त्यांचं आपल्याला कळणार नाही, दादा."

ते मला अजून कळलेलं नाही. कधीतरी गाडी पुलावर आली की तो पांढरा उतार समोर येतो. मी डोळे मिटत नाही, बघून घेते.

मे महिन्यात एकदा मी नर्सला म्हटलं, त्यांच्याबरोबर चालणं कसं असतं, ते मला माहीतच नाही. तिने बाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या, आणि एका सकाळी तिने फोन खिशात चालू ठेवून अर्ध्या तासाचा आवाज मला पाठवला. मी तो ऑफिसला जाताना ऐकायला लागले. ओल्या मातीत रबरी बुटांचे आवाज, फच्, फच्. चढाला लागलेला दम. दुरून कुणीतरी हाक मारली, बाईंनी न थांबता उत्तर दिलं. मग एक दार. दारात लांबलचक विचारपूस, प्रश्नाला प्रश्न, हसणं, भांड्यात काहीतरी ओतल्याचा आवाज. त्या बसल्या असाव्यात. बराच वेळ त्यांनी कामाचं काहीच विचारलं नाही. आत एक मूल खोकत होतं, आणि त्या ते ऐकत होत्या.

विमानतळ गेला, नदी गेली, माझं स्टेशनही गेलं. मी पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावरच्या बाकावर बसले. कानात बाई आता हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या, त्या बोलीत, जिचा एकही शब्द मला येत नाही. मुलाच्या आईने उत्तर दिलं. मग थर्मामीटर काखेत गेला असावा, कारण त्या मुलाला गुदगुल्या झाल्या आणि ते मोठ्याने हसायला लागलं.